खुरटलेल्या वासराचा जाब कोणाला?

मांसासाठी गुरे पाळण्याचा धंदा सरासरीवर चालतो. अमेरिकेत नेब्रास्का, मोंटाना, कॅन्सस या भागांत वसंतात गाई वितात, वासरे आईमागे कुरणात वाढतात आणि पानगळीच्या सुमारास, सहा-आठ महिन्यांची झाली की त्यांचे दूध तोडून ती लिलावाला जातात. सव्वादोनशे ते पावणेतीनशे किलोची वासरे गाडीभर एकत्र विकायची. घेणारा ती एकाच वाड्यात ठेवणार, एकच खुराक घालणार आणि शक्यतो एकाच दिवशी कापायला पाठवणार. अशा गाडीत पोट सुटलेले, केस राठ झालेले दीडशे किलोचे एखादे वासरू दिसले, की गिऱ्हाईक सगळ्या गाडीचा भाव पाडायला बघते. म्हणून ते आधीच बाजूला काढतात. बाजूला काढलेल्या त्या वासराचे पुढे काय करायचे, हा प्रश्न मालकाच्या अंगणात शिल्लक राहतो.

रस्ते थोडेच असतात. खाऊ घालत राहावे, पडेल त्या भावात फुंकून टाकावे, घरच्या ताटासाठी कापावे, नाहीतर गोळी घालून मोकळे व्हावे. यांतला कोणता धरायचा ते नुसत्या वासराकडे बघून ठरवता येत नाही. खुजेपण कधी रक्तातून येते, कधी गर्भातून, कधी दावणीतून. आणि गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा या प्रश्नाचा इतिहास चाळला, तर बोट वासरापेक्षा मालकाकडेच जास्त वेळा वळलेले दिसते.

सर्वांत सामान्य कारण इतके साधे आहे की ते सांगायलाही संकोच वाटतो. लहान दिसणारे वासरू पुष्कळदा नुसते उशिरा जन्मलेले असते. वळू कळपात तीन-चार महिने ठेवला, तर पहिल्या आणि शेवटच्या वासरात तेवढेच अंतर पडणार. दिवसाला पाऊण-एक किलो वाढणारी वासरे धरली, तर ते अंतर सत्तर ते एकशेवीस किलोंचे होते. म्हणूनच अमेरिकी पैदासकार प्रत्येक वासराचे वजन २०५ दिवसांच्या वयाला आणून मगच तुलना करतात. ज्याच्याकडे जन्माची नोंद नाही, त्याने वासराला खुजे म्हणण्यात अर्थ नाही.

रक्तातल्या खुजेपणाची सर्वांत मोठी कहाणी हेरफर्ड जातीची. तांबड्या अंगाची, पांढऱ्या तोंडाची ही इंग्लिश गुरे १८१७ साली केंटकीचे राजकारणी हेन्री क्ले यांनी अमेरिकेत आणली. एकोणिसावे शतक संपता संपता पश्चिमेच्या मोकळ्या कुरणांवर तिचा दबदबा होता. त्या काळी खच्ची केलेले गोऱ्हे चार-चार वर्षे वाढवून मग कापत. पुढे बाजार बदलला. शहरातल्या लहान कुटुंबाला लहान तुकडे हवे झाले आणि व्यापाऱ्याला कमी दिवसांत चरबी धरणारे जनावर. आखूड पायांचे, रुंद छातीचे, जमिनीला टेकल्यासारखे दिसणारे जनावर लवकर तयार होते, हा अनुभव खराच होता. पण एकदा तो प्रदर्शनाच्या रिंगणात शिरला की अनुभव राहिला बाजूला आणि फॅशन सुरू झाली. शिकागोला १९०० पासून भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय पशुप्रदर्शनात आणि राज्याराज्यांच्या जत्रांत परीक्षक दरवर्षी आधीच्यापेक्षा थोडे बुटके, थोडे गोल जनावर पहिले काढू लागले. हेरफर्डमध्ये ‘कॉम्प्रेस्ट’ आणि शॉर्टहॉर्नमध्ये ‘कॉम्पॅक्ट’ अशा मुद्दाम दाबलेल्या बांध्याच्या शाखाच निघाल्या. १९५० च्या आसपासची छायाचित्रे आज बघितली तर हसू येते. पदक मिळालेला पूर्ण वाढीचा वळू शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या कमरपट्ट्यापर्यंत पोहोचतो, आणि माणूस अभिमानाने कॅमेऱ्याकडे बघतो आहे.

१९४० च्या दशकात या नामांकित कळपांतच विचित्र वासरे वाढत्या संख्येने जन्मू लागली. कपाळ पुढे आलेले, तोंड आखूड, खालचा जबडा वरच्याच्या पुढे, पोट नगाऱ्यासारखे. श्वास घेताना त्यांच्या नाकातून सतत घरघर यायची, म्हणून त्यांना ‘स्नॉर्टर’ म्हणू लागले. पोटफुगीने त्यांतली बरीचशी लवकर मरत, जगली ती वाढत नसत. १९५० च्या सुमारास संशोधकांनी हे आनुवंशिक असल्याचे मांडले. दोष अप्रभावी होता, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच वासरात दिसणार. एकाकडूनच आला तर जनावर धडधाकट, पण आतून वाहक.

हा दोष इतकी वर्षे लपून कसा राहिला, हे साध्या गणिताने कळते. वळू वाहक आहे आणि कळपातल्या दहा टक्के गाई वाहक आहेत असे धरा. वाहक गाईच्या चार वासरांत सरासरी एक खुजे. म्हणजे पूर्ण कळपात चाळीस वासरांमागे एक. चाळीस गाई असलेल्या पैदासकाराला वर्षाला एखादे तसे वासरू दिसणार आणि तो म्हणणार, होते एखादे कमजोर. तोवर त्या वळूच्या निम्म्या मुली वाहक होऊन शेजाऱ्यांच्या गोठ्यात पोहोचलेल्या असतात. बरे, खुजी वासरे तेवढी काढून टाकत राहिलो तर दोष आपोआप जाईल, ही समजूतही टिकत नाही. कळपात त्या जनुकाचा वाटा दहा टक्के असेल, तर केवळ खुजी वासरे वगळून तो पाच टक्क्यांवर आणायला दहा पिढ्या लागतात. गुरांची एक पिढी पाचेक वर्षांची. म्हणजे अर्धे शतक.

गणितापेक्षा वाईट गोष्ट माणसांच्या वागण्यात होती. नोंदणीकृत वळूची किंमत त्याच्या वंशावळीवर ठरते, आणि ज्या वंशावळीत खुजे वासरू निघाल्याचा बोभाटा होईल तिचा भाव रातोरात कोसळतो. त्यामुळे मोठमोठ्या कळपांत अशी वासरे गुपचूप मारून पुरली जात. बाहेर बोलायचे नाही, वहीत लिहायचे नाही. शिवाय परीक्षकांची नजर नकळत वाहकांच्याच बाजूची होती. दोषाची एकच प्रत असलेले जनावर पुष्कळदा जरा आखूड, जरा भरीव दिसते, असा तेव्हाच्या अनेक संशोधकांचा होरा होता. म्हणजे रिंगणात बक्षीस मिळणारी ठेवण आणि खुज्या वासराची पेरणी एकाच जनावरात. कॉम्प्रेस्ट शाखेत तर हे उघडच होते. कॉम्प्रेस्टला कॉम्प्रेस्ट लावला की काही वासरे खुजी निघणारच. परीक्षकाची आवड जनुकशास्त्राच्या पुस्तकात घटक म्हणून शिकवत नाहीत. शिकवायला हवी.

१९५६ पर्यंत खुजी वासरे देणारी सुमारे पन्नास हजार जनावरे ४७ राज्यांत नोंदली गेली होती आणि वंशावळी हजारोंनी तपासल्या जात होत्या. तेव्हा जनुक चाचणी नव्हती. वासराच्या कण्याच्या एक्स-रेवरून वाहक ओळखायचा प्रयत्न झाला, डोक्याची ठेवण मोजणारी यंत्रे निघाली, इन्सुलिन टोचून रक्तातली साखर बघितली. एकही उपाय भरवशाचा ठरला नाही. उरली ती संततीची परीक्षा. संशयित वळू ज्ञात वाहक गाईंना लावायचा. लागोपाठ सोळा वासरे धड निघाली तर तो वाहक असण्याची शक्यता शंभरात एक इतकी उरते. गाई स्वतःच खुज्या असतील तर सात वासरे पुरतात, पण खुज्या गाई गाभण राहून सुखरूप विणे हीच मोठी अडचण. वळूला त्याच्याच मुली लावून बघायचे तर पस्तीस वासरे हवीत. एवढी वर्षे आणि एवढा चारा एका वळूच्या चारित्र्याचा दाखला मिळवायला! तरीही हेरफर्ड संघटनेने, विद्यापीठांनी आणि पैदासकारांनी ते केले आणि दोष जवळजवळ निपटून काढला. त्यात अनेक जुनी, प्रतिष्ठित घराणी बुडाली.

त्या पडझडीत वर आला तो एक सरकारी कळप. मोंटानातल्या माइल्स सिटीजवळच्या फोर्ट किओ या संशोधन केंद्रात १९३४ पासून ‘लाइन वन’ नावाचा हेरफर्ड कळप अ‍ॅडव्हान्स डॉमिनो घराण्याच्या दोन वळूंपासून, बाहेरचे रक्त न घेता, वाढवला जात होता. तिथे निवड वजनकाट्यावर व्हायची, रिंगणात नव्हे. वर्षभरात किती वाढला, एवढाच प्रश्न. फॅशनवाल्यांना ही गुरे रानटी वाटत. खुजेपणाचा दोष मात्र त्या कळपात नव्हता. पुढच्या दशकांत या कळपाचे रक्त अमेरिकी हेरफर्डांत इतके पसरले की आज नोंदणीतल्या मोठ्या हिश्श्याची वंशावळ तिथपर्यंत जाते. जवळच्या नात्यातली पैदास घातक, हे आपण सगळे ऐकत आलो. इथे तशाच कळपाने एका जातीला सावरले. बंद कळपात दोष असता तर तो पहिल्या काही पिढ्यांतच उघडा पडला असता. तो पडला नाही, हीच त्याची परीक्षा होती.

खुज्यांची भीती बसल्यावर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. फ्रान्सची शारोले, स्वित्झर्लंडची सिमेंटाल अशा थोराड जाती आल्या. १९६९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात शारोले आणि अँगस यांच्या संकराचा गोऱ्हा सर्वश्रेष्ठ ठरला, आणि ऐंशीच्या दशकात परीक्षक जिराफासारखी उंच जनावरे पहिली काढू लागले. त्यांच्या गाई कोरड्या कुरणावर पोट भरू शकत नव्हत्या आणि वासरे अडत होती. तेव्हा पुन्हा मधला मार्ग. या लंबकाचा हिशेब करताना मला प्रदर्शनातल्या पदकांविषयी फारसा आदर राहिलेला नाही, हे मान्य करतो.

लपवाछपवीच्या बाबतीत मात्र खरोखर फरक पडला. २००८ मध्ये अँगस जातीत वाकड्या कण्याची मेलेली वासरे जन्मू लागली. हा दोष खुजेपणाचा नव्हे, पण रीत तीच, अप्रभावी जनुकाची. आणि धागा एका अतिशय लोकप्रिय वळूच्या घराण्यापर्यंत जात होता. या वेळी काही महिन्यांत जनुक चाचणी तयार झाली, संघटनेने वाहकांची नावे जाहीर केली आणि संशयित घराण्यातल्या वासरांच्या नोंदणीला चाचणीची अट आली. पैसे अनेकांचे बुडाले, पण पन्नास वर्षे बुडाली नाहीत. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, आयोवा स्टेट विद्यापीठाच्या गटाने अमेरिकी अँगसमधल्या खुजेपणाच्या एका प्रकाराचे नेमके जनुकही शोधून काढले.

इतर जातींचे दोष वेगळे, पण त्यांतली मानवी बाजू फारशी वेगळी नाही. आयर्लंडच्या डेक्स्टर गाईचे आखूड पाय हौशी पाळणाऱ्यांना प्रिय. ते ज्या जनुकामुळे येतात त्याच्या दोन प्रती एकत्र आल्या की वासरू पोटातच बिघडते आणि बुलडॉगसारख्या तोंडाचा गोळा होऊन मुदतीआधी पडते. आखूड गाय आणि आखूड वळू एकत्र आणणाऱ्याला हा चौथा हिस्सा मोजावाच लागतो. २००७ मध्ये चाचणी आल्यापासून आखूड जनावराला लांब पायांचा जोडीदार दिला की प्रश्न मिटतो, तरी हौस सुटत नाही. बेल्जियन ब्लू या दुहेरी स्नायूंच्या जातीत २००९ मध्ये असाच एक दोष सापडला. त्याच्या दोन प्रती असलेले वासरू वाकड्या शेपटीचे, आखूड डोक्याचे आणि खुरटलेले. एकच प्रत असलेले मात्र जास्त मांसल. मांसल जनावरे निवडता निवडता जातीतली जवळपास चौथाई गुरे वाहक झाली होती. म्हणजे १९५० ची हेरफर्डची गोष्ट, युरोपात, अर्ध्या शतकानंतर. जपानच्या काळ्या गुरांत एका दोषात मूत्रपिंडे नीट बनत नाहीत, वासरू खुरटते आणि खूर वेडेवाकडे वाढतात. तिथे नुसत्या उंचीकडे बघणाऱ्याला मूळ कारण कळायचेच नाही.

खुजे वासरू दिसले की वळूवर संशय घ्यायचा, ही हेरफर्डने लावलेली सवय. ती कधी कधी निष्पाप वळूंच्या जिवावर उठते. कॅलिफोर्नियाच्या डोंगरउतारावर कोरड्या वर्षांत गाई ओकच्या झाडाखाली पडलेल्या फळांवर जगत. त्यांना आखूड पायांची, वाकड्या जबड्याची वासरे व्हायची. १९४७ मध्ये तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले की यात वंशाचा दोष नाही. गाभणपणात गाईला सकस चारा मिळाला नाही, एवढेच कारण. तीच गाय, तोच वळू, पण चाऱ्याचे वर्ष आले की वासरू सरळ. १९८० च्या दशकात पश्चिम कॅनडात सैल सांध्यांची बुटकी वासरे जन्मू लागली तेव्हा असे दिसले, की त्या गाईंना हिवाळाभर फक्त मुरघास दिला जात होता. जोडीला सुके गवत आणि धान्य दिल्यावर प्रकार थांबला. ऑस्ट्रेलियाच्या मरे नदीच्या खोऱ्यात दुष्काळी वर्षांत हेच घडले. तिथे संशय मुख्यतः मँगेनीजच्या तुटीवर आहे. वंशाचा दोष आणि चाऱ्याचा दोष वेगळे करायला प्रयोगशाळाच लागते असे नाही. खुजी वासरे एकाच वळूची असतील आणि दरवर्षी थोडी थोडी दिसत असतील, तर वंशावळ उघडा. एकाच वर्षी, वेगवेगळ्या वळूंची, घाऊक निघाली असतील, तर मागच्या हंगामातला चारा आठवा.

गर्भातून येणारा आणखी एक खुजेपणा विषाणूचा. बोव्हाइन व्हायरल डायरिया हा रोग १९४६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका इथे पहिल्यांदा वर्णिला गेला. गाभण गाईला साधारण चाळीस ते सव्वाशे दिवसांच्या दरम्यान लागण झाली आणि गर्भ वाचला, तर त्या गर्भाची प्रतिकारशक्ती विषाणूला परका मानायला शिकतच नाही. असे वासरू जन्मभर विषाणू पाळते आणि जन्मभर उधळते. त्यांतली कित्येक खुरटतात, काही वर्ष-दोन वर्षांत भयंकर जुलाबाने मरतात. पण काही अगदी ठणठणीत दिसतात, म्हणूनच हा शत्रू पक्का. दयाबुद्धीने वाड्याच्या कोपऱ्यात जपलेले एक रोडके वासरू शेजारच्या गाभण गाईंना लागण देऊन पुढच्या वर्षीची खुजी वासरे तयार करत असते. कानाच्या चिमूटभर तुकड्याची तपासणी पुरते. स्वित्झर्लंडने २००८ पासून देशभरातल्या गुरांची अशी तपासणी सक्तीची केली, आयर्लंडने २०१३ पासून प्रत्येक नव्या वासराची. खुज्या वासराबाबत दया दाखवायची असेल तर ती या तपासणीनंतर दाखवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता उरला पोटाचा खुजेपणा, आणि संख्येने तोच सर्वांत मोठा. चीक वेळेवर न मिळालेले, लहानपणी फुप्फुसांचा आजार होऊन गेलेले, जंतांनी पोखरलेले, पहिलटकरणीच्या अपुऱ्या दुधावर वाढलेले, जुळ्यातले एक. या वासरांबद्दल गुराखी म्हणतात, खाल्लेले अंगी लागत नाही. कधी मातीच अंगी लागू देत नाही. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर ज्वालामुखीच्या राखेच्या जमिनीत हिरवेगार गवत गुडघाभर वाढलेले असताना गुरे झिजून मरत. आधी लोहाच्या तुटीवर ठपका होता. १९३० च्या दशकात न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवले की तूट कोबाल्टची आहे, आणि तीही अत्यल्प प्रमाणातली. पोटातले जिवाणू कोबाल्टपासून बी-१२ जीवनसत्त्व बनवतात, हे उलगडायला १९४८ नंतरचा काळ उजाडावा लागला. खतात चिमूटभर कोबाल्ट मिसळून ओसाड ठरलेली हजारो एकर कुरणे वापरात आली.

भुकेने खुरटलेले जनावर भरपूर खायला मिळाल्यावर सावरते का? १९०८ मध्ये मिसुरीच्या एच. जे. वॉटर्स यांनी गोऱ्ह्यांना वजन वाढणार नाही इतकाच चारा देऊन बघितले. वजन थांबले, पण हाडे वाढत राहिली; जनावर उंच होत गेले आणि बारीकही. उपाशी जनावर आणि वंशाने खुजे जनावर यांतला फरक इथे डोळ्यांना दिसतो. भुकेले वासरू लांब पायांचे, अरुंद छातीचे आणि शरीराच्या मानाने मोठ्या डोक्याचे. वंशाने खुजे असेल त्याचे पाय आखूड आणि धड भरलेले. अशा भुकेल्या जनावराला पोटभर मिळाले की ते काही काळ बरोबरीच्यांपेक्षा झपाट्याने वाढते. अमेरिकेतले कितीतरी व्यापारी याच भरपाईच्या वाढीवर जगतात; हिवाळ्यात रोडावलेली वासरे स्वस्तात घ्यायची, वसंतात गवतावर सोडायची, जाड झाली की विकायची. भरपाईला मर्यादा आहे ती वयाची. दूध तोडल्यानंतरची भूक बहुतेक भरून निघते. आईच्या पोटातली आणि जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांतली पूर्ण भरून निघत नाही. तसे जनावर दोन-अडीच वर्षांनीही बरोबरीच्यांपेक्षा हलके राहते, हे ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांनी दाखवले आहे.

अमेरिकी सरकारच्या वासरांच्या प्रतवारीत हा विवेक बऱ्यापैकी उतरला आहे. बांधा मोठा, मध्यम की लहान, हा एक कप्पा, मांसलपणा दुसरा, आणि ‘इन्फिरिअर’ ही सगळ्यांच्या बाहेरची प्रत. आजार, जंत, उपासमार किंवा हेळसांड यांमुळे सध्या नीट वाढणार नाही असे जनावर या प्रतीत जाते, पण कारण दूर झाले तर पुढे त्याला नेहमीची प्रत मिळू शकते, असे नियमातच म्हटले आहे. लहान बांधा हा स्वतः दोष नाही, ही गोष्ट एका सरकारी कागदाने इतकी स्वच्छ मांडावी, याचे कौतुक वाटते.

लहान बांध्याची खरी बाजू न्यू साउथ वेल्समधल्या ट्रँगी केंद्रात दिसली. तिथे १९२९ पासून अँगसांचा कळप होता. १९७४ मध्ये तो वाढीच्या वेगानुसार विभागून एकीकडे वेगाने वाढणारी आणि दुसरीकडे हळू वाढणारी गुरे निवडणे सुरू झाले. पंधरा-वीस वर्षांत हळू वाढणारी शाखा सुमारे तीस टक्के लहान झाली. प्रमाणबद्ध, सुदृढ, सहज विणारी. प्रयोग संपल्यावर ही गुरे विकली गेली आणि ‘लोलाइन’ या नावाने लहान शेतांवर रुजली. टेक्सासमधल्या फोर्ट डेव्हिसच्या एका पैदासकार घराण्यानेही १९७० पासून दोषाशिवाय लहान हेरफर्ड तयार केले. कमी चाऱ्यात गाय जगते, कुंपण हलके चालते, एका कुटुंबाच्या शीतपेटीत मावेल इतके मांस मिळते. खुजा दोष आणि लहान जात यांतला फरक ज्याला समजला, त्याला लहान जनावराचे पैसे होतात.

आपल्याकडे हा प्रश्न थोडा तिरका येतो. कोकण कपिला किंवा गोव्याची श्वेत कपिला या गाई लहान आहेत, खुरटलेल्या नाहीत. उतारावरच्या मुसळधार पावसात आणि निकृष्ट गवतावर तगायला तोच बांधा लागतो. त्यांच्यावर मोठ्या जातीचे वीर्य मारून त्यांना ‘सुधारण्या’ची घाई अनेक दशके झाली, ती मोजपट्टीच्या याच गैरसमजातून. मांसापुरते बोलायचे तर महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूंच्याही कत्तलीला बंदी आहे, उरली म्हैस. त्यामुळे आपल्या राज्यातले खुरटलेले मांसाचे जनावर म्हणजे रेडकू. मुंबईच्या तबेल्यात काय किंवा घाटावरच्या दावणीला काय, नर रेडकाला आईचा पान्हा फुटेपर्यंत आचळ चोखू देतात आणि लगेच ओढून बाजूला बांधतात. दूध विकायचे असते, रेडकाचे मोल नसते. पुष्कळ मरतात. उरतात ती पोट सुटलेली, पाठ वाकलेली. भारत म्हशीच्या मांसाचा जगातला एक मोठा निर्यातदार, आणि त्याच देशात मांसाचे उद्याचे जनावर पहिल्या महिन्यातच उपाशी ठेवले जाते. त्या वयातली भूक भरून निघत नाही, हे वर आलेच. नर रेडके वाचवून वाढवण्याची योजना केंद्राने आखली होती. तिचे गणित पहिल्या दोन महिन्यांच्या दुधाशी येऊन अडते. त्या दुधाचा आजचा भाव रेडकाच्या उद्याच्या मांसापेक्षा जास्त, तोवर कोणी ते त्याला पाजणार नाही. त्याऐवजी स्वस्त दूधभुकटीचा पर्याय शेतकऱ्याच्या दारात पोहोचला, तर एखादे वेळी हिशेब जुळेल.

वाड्याच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्या एका वासराकडे परत यायचे, तर क्रम असा लागतो. आधी वय बघायचे. मग ठेवण: पाय आखूड, कपाळ पुढे, श्वासाला घरघर असे काही असेल तर खुराक वाया घालवण्यात अर्थ नाही, कानाचा तुकडा किंवा केसांची मुळे प्रयोगशाळेत धाडायची आणि त्याच्या आईबापांच्या नावापुढे वहीत खूण करायची. ठेवण सरळ असेल तर विषाणूची तपासणी, शेणाची तपासणी, जंताचे औषध आणि मोठ्या वासरांपासून वेगळी दावण. एकत्र ठेवले तर ते दांडग्यांच्या रेट्यात गव्हाणीपर्यंत पोहोचतच नाही, आणि मालक समजतो की ते खातच नाही. दोन महिने पोटभर घालून वजन करायचे. काटा हलला तर ठेवावे, नाही हलला तर नाही. कारण वाढ शून्य असली तरी जगण्यापुरता चारा त्याला रोज लागतोच आणि तो तोट्यात जातो. अमेरिकेतल्या मोठ्या वाड्यांत अशी जनावरे ठराविक दिवसांनी काढून मिळेल त्या भावाला विकतात. औषध दिल्यावर कत्तलीआधी थांबायची मुदत उलटली आहे की नाही, तेवढे मात्र तिथे काटेकोर बघावे लागते. कत्तलखान्याला फार हलका सांगाडा नको असतो, त्याचे यंत्र आणि खोके दोन्ही ठराविक मापाचे असतात, म्हणून तो दर कापतो. खेड्यातला खाटीक दर कापत नाही. पशुवैद्याने धड ठरवलेल्या खुज्या जनावराच्या मांसाला काहीही दोष नसतो. पाश्चात्त्य शेतांवर अशी जनावरे वर्षानुवर्षे घरच्या ताटात गेली आहेत. कालवड असेल तर ती सावरली तरी फळवायची घाई करू नये. पूर्ण वाढीच्या गाईच्या साठ-पासष्ट टक्के वजन होईपर्यंत वळूपासून लांब ठेवावी, आणि कारण वंशाचे असल्याची शंका थोडी जरी असेल तर कधीच फळवू नये.